आमच्याकडची कॉफी

३ मार्च
झालं! माझा नोकरीचा जुना फॉर्म मॅनेजरबाईंच्या हाती लागला. जन्मदेश वाचला आणि थेट मोरीपाशी आल्या. "अगं, तू कॉफीच्या देशातली! आणि इथे कप विसळतेस?"

हॉटेलात 'देशोदेशीची कॉफी' सुरू करायचीय. कुणी तापल्या वाळूत उकळतं, कुणी उभ्या उभ्या एका घोटात संपवतं, कुणी मातीच्या सुरईतून ओततं. सगळ्यांची माणसं मिळाली म्हणे. आमच्या देशाची मी. रविवारी करून दाखवायची, "तुमच्याकडे करतात तश्शी!"

हो म्हणून बसले. देश सोडला तेव्हा मी चार वर्षांची होते. तिथलं काही म्हणजे काही आठवत नाही.

४ मार्च
बाबांना विचारलं, आपल्याकडे कॉफी कशी करायचे? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई असती तर बोलली असती. यांनी तिकडचा विषयच टाकलाय. चीड आली. मग चीड आल्याची लाज वाटली.

६ मार्च
ठरलं. थाप मारायची.

७ मार्च, रविवार
मारली. तीन कप — पहिला पाहुण्याचा, दुसरा घराचा, तिसरा जो आज इथे नाही त्याचा. कुठून सुचलं देव जाणे! त्यात सकाळीच उजव्या हाताला किटलीचा चटका बसलेला, म्हणून कप डाव्या हाताने दिले. तर सगळ्यांनी डाव्याच हाताने घेतले! अगदी भक्तिभावाने! चटका बसताना पाहिलेला आचारी मागे तोंडात फडकं कोंबून हसत होता.

तिसऱ्या कपाला मात्र एक म्हातारी बाई रडली. नवरा गेला म्हणे गेल्या वर्षी. आचाऱ्याचं हसू थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ मार्च
मोरीतून सुटका. दारात माझा फोटो लावलाय, खाली 'शेकडो वर्षांची परंपरा'. परंपरा आठ दिवसांची आहे!

२१ मार्च
एका मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं. "डावाच हात का?" म्हटलं, काळीज त्या बाजूला असतं. माझ्या जिभेला काही हाड आहे का!

घरी जेवण गेलं नाही. तिकडे काहीतरी खरं असणारच ना? कुणाच्या तरी आजीपणजीने जपलेलं. त्याच्यावर मी माझी थाप लिंपतेय.

२३ मार्च
मॅनेजरबाईंना बाबा हवेत. जाणतं माणूस शेजारी बसलं की शोभा येईल म्हणे. मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखतात. तर बाईंनी परस्पर घरी फोन केला — आणि बाबा हो म्हणाले! जे डॉक्टरकडे जायलाही कुरकुरतात!

सगळ्यांसमोर "हे कुठलं?" म्हणाले तर नोकरी गेलीच. आणि तसं म्हणाले नाहीत, तरी त्यांच्या नजरेला नजर कशी देऊ?

२७ मार्च
सांगून टाकायला गेले. बाबा इस्त्रीचा सदरा अंगाला लावून आरशात बघत होते. सदऱ्याची कॉलर नीट करून दिली आणि परत फिरले.

२८ मार्च
बाबा पहिल्या खुर्चीत. ओतताना बशीत सांडलं. त्यांनी तिन्ही कप घेतले, इतरांचं बघून डाव्या हाताने. सावकाश प्यायले. मॅनेजरबाईंनी विचारलं, "काका, घरच्यासारखी झालीय ना?" सगळे कान टवकारून.

बाबा म्हणाले, "अशीच. अगदी अशीच करतात."

टाळ्या! मला रडूच फुटलं. सांभाळून घेतलं की खरंच तसं करतात? येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले.

२९ मार्च
सकाळी आपणहून बोलले. आई आणि ते मळ्यावर कॉफी तोडायचे. तोडायची, प्यायची नाही. जवळ चार बिया सापडल्या तरी मुकादम घरादारासकट हाकलायचा. आईच्या रुमालात सापडल्या. तिला एकदा चव बघायची होती.

म्हणजे बाबा काल जन्मात पहिल्यांदा कॉफी प्यायले.

मग खाली बघत विचारलं, "ती कडूच असते का गं?"