म्हसावदला नेलेला डेलिया

२ फेब्रुवारी, सकाळ.
रिटायर होऊन आठ महिने. बागकामात आता माझा हात धरणारे कोणी नाही.
१६ तारखेला म्हसावदला भूपेंद्रभाई पटेलांच्या मळ्यात आमच्या पुष्पप्रेमी ग्रुपचा मेळावा. प्रत्येकाने आपले सर्वोत्तम फूल न्यायचे, माहिती सांगायची, रोपे-कंद वाटायचे. अध्यक्षही त्याच दिवशी निवडणार. गच्चीवर माझे अकरा डेलिया आहेत. दुसरे नाव येणार तरी कोणाचे?

९ फेब्रुवारी.
एकही कळी नाही. आणखी एकेक मूठ युरिया टाकला. पाणी दिवसातून तीनदा. सौ. चेतना म्हणाली, झाडे गुदमरताहेत. मी छत्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात होतो. पाण्याचे मला कोणी शिकवू नये.

१३ फेब्रुवारी.
नऊ गेले. ग्लोबल वॉर्मिंग.
भाषण मात्र तयार. वीस मिनिटे.

१५ फेब्रुवारी.
उरलेले दोनही गेले.
मागच्या अंगणात चेतनाच्या तेलाच्या डब्यात एक डेलिया फुललाय. गडद लाल, ताटलीएवढा. त्याचा कंद मी ऑक्टोबरात सडका म्हणून फेकला होता. तिने उचलून लावला. पण मी फेकलाच नसता तर तिने उचलला कुठून असता? म्हणजे मूळ काम माझेच.
उद्या हाच नेणार. बाइकवर डबा धरायला कोणीतरी हवे, म्हणून तिलाही नेईन.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ.
डेलिया सुखरूप पोचला. चेतनाचा हात आखडला.
सगळ्यांनी आधी माझ्याच फुलाचे फोटो काढले. भाषण उत्तम चालले होते. सहाव्या मिनिटाला रनाळ्याच्या तापीबाईंनी विचारले, कंद किती खोल लावला? मी म्हणालो, दीड फूट. सगळे डब्याकडे बघू लागले. भूपेंद्रभाई हळूच म्हणाले, भाऊ, डबाच फूटभराचा आहे.
तेवढ्यात मागून चेतना तिच्या अहिराणीत बोलली, "चार बोट. वर राख आनि सुकं शेन. पानी दोन दिनमा एकदाव."
मग भाऊंनी काय केले, असे तापीबाईंनी तिला विचारले.
"त्या फोटू काढतस." त्या म्हणजे मी.
सगळे हसले. मीही हसलो. जरा उशिरा.
खुर्च्या तिच्याकडे वळल्या. तीन वाजेपर्यंत ती बोलत होती आणि लोक लिहून घेत होते. लग्नाला एकतीस वर्षे झाली. तिला एवढे बोलता येते हे मला माहीत नव्हते. कोणी विचारलेच नसावे. (हे वाक्य खोडायचे आहे.)
अध्यक्ष : चेतना. एकमताने. माझाही हात वर होता. कधी गेला, कळले नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळ.
अध्यक्षांना गच्ची दाखवली. मेलेले डेलिया दोघांनी उपटले. कोपऱ्यातला पिटुनिया तेवढा जोमात आहे. झाडांशी बोलावे असे वाचले होते, म्हणून डिसेंबरपासून रोज त्याच्याशी बोलतो.
तिने त्याचे एक पिकले पान खुडले. मग म्हणाली, "हाई वांगं शे."
कधीपासून माहीत होते, असे विचारले. दोन पानांचे होते तेव्हापासून, म्हणाली. मग सांगितले का नाही?
"तुम्ही त्यानासंगे इतलं गोड बोलतस, म्हनीसन मी काही बोलनू नही."
पाने मोठी आहेत हे मी आजवर खताचे यश समजत होतो.
आजच त्याला पहिले फूल आलेय. जांभळे. पिटुनियाही मी जांभळाच मागवला होता.