अकरा गाढवांची भिंत

३ फेब्रुवारी

पडली एकदाची! गाढवांच्या गोठ्याची मागची भिंत, पहाटे. अकराही गाढवं पुढच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती. कुणाला खरचटलंही नाही.

५ फेब्रुवारी

पशुखात्याचे साहेब येऊन गेले. बूट चिखलात घालवेनात, म्हणून फाटकातूनच पाहणी. पंधरा मार्चपर्यंत भिंत आणि छप्पर उभं नसेल तर म्हाताऱ्या गाढवांचा माझा हा आश्रय बंद, गाढवं ताब्यात. ताब्यात घेऊन काय करणार, असं विचारलं तर कागदाची घडी घालत बसले. म्हाताऱ्या गाढवांचं काय करतात ते मला ठाऊक आहे.

भिंत उभी राहील. बस्स.

८ फेब्रुवारी

मैत्रिणीच्या, न्जांबीच्या दुकानात बसून ठरवलं — हराम्बे भरवायचा, वर्गणीचा मेळावा. शाळेची खोली, चर्चचे पत्रे, कुणाचं ऑपरेशन, सगळं या गावात हराम्बेच्या वर्गणीवरच निभावतं. मग गाढवांनीच काय घोडं मारलंय?

न्जांबी म्हणाली, गाडीवानांनाही बोलाव. मी साफ नाही म्हटलं. त्यांनीच झोडपून मोडलेली जनावरं मी सांभाळते! आणि तो नदीरितू — मी शाळेत शिकवायचे तेव्हा तिसरीत माझ्याच वर्गात होता. तीन वर्षांपूर्वी मी पोलिसांना घेऊन गेले आणि त्याची लंगडी गाढवीण सोडवून आणली. त्याने दुसरी घेतली, पण तेव्हापासून मी दिसले की तोंड फिरवतो. फिरवू दे.

२२ फेब्रुवारी

हराम्बे झाला. चर्चच्या मैदानात मका-घेवड्याच्या गिथेरीची दोन मोठी पातेली, चहा, भाषणं, भाषणं. कोंबड्याचा लिलाव रंगला — जिंकणारा पैसे भरायचा आणि कोंबडा पुन्हा लिलावाला ठेवायचा. एकच कोंबडा सहा वेळा विकला! सातव्यांदा मागून आवाज आला. नदीरितू. न बोलावता आलेला. पाचशे शिलिंग टाकले आणि म्हणाला, "कोंबडा बाईंकडेच राहू द्या. एवढी म्हातारी पोसतात, त्यात हा एक." सगळे हसले. मलाही हसू येत होतं, दाबलं.

शेवटी प्रमुख पाहुणे उठले. लाकडाच्या वखारीचे मालक. दोन लाख शिलिंग जाहीर केले! मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

१ मार्च

वखारवाले फोन उचलत नाहीत.

४ मार्च

आज त्यांच्या दारातच जाऊन उभी राहिले. म्हणे, "बाई, शब्द दिलाय, तारीख कुठे दिलीय?" तिथे रडले नाही. वळणावर येऊन रडले.

जमलेल्या पैशांत सिमेंट, पत्रे आणि गवंडी बसतात. दगड नदीत फुकट पडलेत, पण वर आणायला ट्रक परवडत नाही. न्जांबी हळूच म्हणाली, "तुझ्या अंगणात अकरा गाढवं आहेत. चार तरी धडधाकट आहेत. त्यांच्याच घरासाठी, दोन दिवस."

फाटकावर माझ्या नवऱ्याने स्वतः रंगवलंय — इथे आलेल्याच्या पाठीवर पुन्हा ओझं नाही. तो गेला, अक्षरं आहेत. मी म्हटलं, "दोन दिवस नाही आणि दोन तासही नाही." चहा अर्धा टाकून उठले.

५ मार्च

आईची ओझी वाहायची कपाळपट्टी शोधून काढली. ती कपाळाला लावून नदीवरून पाठीवर दगड आणले. एकसष्टाव्या वर्षी! सात खेपा झाल्या. नदीरितू गाडी थांबवून बघत होता. "बाई, भिंत या जन्मात होईल ना?" मी पट्टी सावरून चालत राहिले. बोलायला दमच नव्हता.

७ मार्च

न्जांबी आली. भिशीतल्या नऊ बायका आणि नऊ कपाळपट्ट्या घेऊन! रुसवा कुणीच बोलून दाखवला नाही. तरी या गतीने दगड पुरणार नाहीत. मी मनातल्या मनात पंधरा तारखेपर्यंतचे दिवस सारखी मोजतेय.

९ मार्च

सकाळी चढावर चाकांचा आवाज आला. सहा गाड्या, दगडांनी भरलेल्या. आणि गाढव एकही नाही! पुढच्या गाडीच्या दांड्यांमध्ये खुद्द नदीरितू, छातीवर पट्टा, घामाने निथळलेला. मागे बाकीचे गाडीवान, तसेच. एकाने त्याला गाढवासारखं चुचकारलं आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

मी म्हटलं, "नदीरितू, हे काय?"

"तुमच्या फाटकावरचं वाचलं. वाचायला तुम्हीच शिकवलंत."

माझी अकरा गाढवं कुंपणाशी ओळीने उभी राहून बघत होती.

१२ मार्च

चौथा दिवस, गाड्या चालूच. भिंत छातीएवढी.

१४ मार्च

दुपारी शेवटचा पत्रा ठोकला. उद्या साहेबांनी खुशाल यावं.

संध्याकाळी नदीरितू आला. पट्ट्याने खांदा पार सोलवटलेला. गाढवांना लावता ते मलम द्या, म्हणाला. मी डबी उघडून त्याचा सदरा बाजूला करायला गेले, तर मागे सरकला.

"मला नको, बाई. माझी जखम पाच-सहा दिवसांतली आहे. माझ्या गाढविणीची तीन वर्षांची आहे — तिला फाटकाबाहेर उभी केलीय."