पाण्याआधी गेलेली बाळं

मास्तर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या आताच्या मुलांना तुम्ही कोण होता हेही माहीत नाही. वर्ग अजून भरतो, चर्चच्या मागच्या त्याच खोलीत. मी आता मनीषनगरात राहतो, फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात काम करतो. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे बॅनर. बारावी अर्धवट सोडलेला असूनही शेवटचा मजकूर मालक मलाच वाचायला देतात, कारण ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही आमच्याकडून घोटून घेतलं होतं. मी प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचतो, आणि बॅनर चौकात लागल्यावर तिथं जाऊन परत वाचतो. तुम्ही मला वर्गात विचारलं होतं, "काहून गा, देव जग बनवून राहिला होता तेव्हा तूच तपासाले बसला होता का?" सगळी पोरं हसली होती. मीही हसलो होतो, पण माझी सवय गेली नाही.

या उन्हाळ्यात आमचं बाळ गेलं. आठवा महिना चालू होता. मुलगा होता. तो रडलाच नाही, म्हणजे या जगात त्यानं श्वासच घेतला नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावर पाणी घालायचा प्रश्नच आला नाही. अडचणीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, त्याचे शब्द तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतले होते. ते माझ्या ओठांवर होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. कबरस्तानात फादर आले, त्यांनी बाळासाठी नीट प्रार्थना म्हटली, इतर कबरींच्या रांगेतच त्याला जागा दिली. बायको तेव्हा दवाखान्यातच होती. तिनं हे काही पाहिलं नाही. तिला भेटायला आलेल्या तिच्या मावशीनं मात्र डोळे पुसत पुसत सांगितलं, की पाणी पडलं नाही ना त्याच्यावर, आता तो वेगळ्या जागी राहील, तिथं त्रास काही नसतो, पण देव दिसत नाही. मावशी वाईट नाही. तिला लहानपणी शिकवलं तेच तिनं सांगितलं. त्या दिवसापासून बायको मला एकच विचारत होती, "तो कुठं असन आता?" ती जेवत नव्हती. पोळीचा तुकडा हातात धरून तशीच बसायची. आणि मी, जो साध्या बॅनरलाही पटकन हो म्हणत नाही, तिला उत्तर कसं द्यावं या विचारात दिवसचे दिवस काढत होतो. तेव्हा मला तुमचा तो शनिवार आठवायला लागला.

आमच्या स्वयंपाकघरात आत्या मांडीवर सूप घेऊन मिरच्यांचे देठ खुडत बसली आहे. भिवापूरच्या लाल मिरच्या, चादरीवर पसरलेल्या. तुम्ही दारात उभे आहात, टोपी हातात. आत्यानं तुम्हाला पाट दिला, पण मिरच्या काही बाजूला केल्या नाहीत. ती तुमच्याशी कधीच धड बोलत नसे, आणि का ते आम्हाला घरात कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. तिची पहिली मुलगी बाप्तिस्म्याच्या आधीच गेली होती, आणि नवे नवे मास्तर झालेल्या तुम्ही तिला तेच सांगितलं होतं, जे आता मावशीनं माझ्या बायकोला सांगितलं. त्या मुलीला कबरस्तानाच्या भिंतीकडेला पुरलं होतं.

तुम्ही शिंकत शिंकत बोललात. आधी एक वाक्य, मग तीन शिंका, मग पुढचं वाक्य. म्हणालात, की चर्चनं या गोष्टीवर पुन्हा विचार केला आहे, ती वेगळी जागा हा कधी श्रद्धेचा सिद्धान्त नव्हताच, विद्वानांनी काढलेला तो एक अंदाज होता, आणि बाई, मी तुम्हाला तो खात्रीची गोष्ट असल्यासारखा सांगितला. उद्या वर्गात पोरांना हे शिकवायचं आहे, पण त्यांच्याआधी तुम्हाला सांगायला पाहिजे म्हणून आलो.

आत्याचे हात थांबले नाहीत. "देव बदलला का तुम्ही बदलले, मास्तर?"

"देव नाही बदलला, बाई. आमचं समजणं कच्चं होतं."

"मी तिच्यासाठी प्रार्थना सोडून देली होती. तुम्हीच म्हणाले होते, उपयोग नाही म्हून."

तुम्ही हो म्हणालात. फक्त हो. कारण दिलं नाही, वरिष्ठांकडे बोट दाखवलं नाही, त्या काळी सगळेच असं शिकवत होते हेही म्हणाला नाहीत, खरं तर ते खरं होतं तरी. मग आत्यानं विचारलं, आता करू का प्रार्थना, आणि तुम्ही म्हणालात, करा. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग सरळ सांगा नं. ती देवापाशी आहे का?"

"चर्च म्हणते आशा धरा. मीही धरतो. 'आहे' असं मी नाही म्हणू शकत."

"एक शब्द बोलाले जीव जाते का तुमचा?"

"एकदा मी माहीत असल्यासारखं बोललो होतो, बाई. तुमच्याच पुढं. आता पुन्हा नाही बोलणार."

आत्यानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग मला म्हणाली, मास्तरले पाणी दे रे, शिंकून शिंकून मरतीन इथंच. तुम्ही पाणी प्यायलात आणि गेलात. त्या वर्षी मृतांच्या दिवशी आत्या पहिल्यांदा भिंतीकडेला मेणबत्ती लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही फळ्यावर येशूची दोन वचनं शेजारीशेजारी लिहिलीत. एक पाण्यानं आणि आत्म्यानं जन्मण्याबद्दलचं, दुसरं लहान लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, अडवू नका, असं शिष्यांना बजावणारं. म्हणालात, दोन्ही त्याचीच आहेत, आम्ही एकावरच बोट ठेवून बसलो. मला भीती वाटली. मी उभा राहून विचारलं, की काल खरं होतं ते आज नाही, तर आज शिकतो ते उद्या राहील कशावरून? तुम्ही रागावला नाहीत. विहिरीचं उदाहरण दिलंत. पाणी कमी पडलं की आपण विहीर आणखी खोल खणतो, गाळ काढतो, पण जागा सोडत नाही आणि झरा आपण घरून आणत नाही. शास्त्र लिहून होण्याआधीपासून माणसं एकत्र येऊन भाकर मोडत होती, प्रार्थना करत होती. त्यांच्यातूनच शास्त्र लिहिलं गेलं, आणि मग शास्त्रानंच त्यांना वेळोवेळी ताळ्यावर आणलं. परंपरा म्हणजे जुनं सांभाळून ठेवणं एवढंच नव्हे, तर मिळालेलं पुन्हा पुन्हा समजून घेणं. आम्ही दुसरीकडे नवी विहीर खणली तर मात्र मला येऊन विचार, म्हणालात. तेव्हा मला अर्धंच कळलं. आत्याकडे तुम्ही आला होतात हे वर्गात कुणाला सांगितलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही.

नंतर मी पुष्कळ लोक पाहिले. चर्चमध्ये पाहिले, दुकानात पाहिले, धरमपेठेत गाड्यांतून उतरणारे शिकलेले पाहिले. चुकीचा बॅनर लागला की रात्रीतून उतरवून नवा लावतात, आणि सकाळी असं वागतात की पहिला कधी लागलाच नव्हता. तुम्ही नवं सांगायच्या आधी जुन्या चुकीचं नाव घेतलंत, आणि तेही जिचं त्यानं नुकसान झालं तिच्या चुलीपुढं बसून. सिद्धान्त कसा वाढतो यावर मोठमोठी पुस्तकं आहेत असं फादर म्हणतात. ती मला झेपणार नाहीत. मला एवढं कळतं, की तो कोणाच्या तरी घरी जाऊन सांगावा लागतो.

म्हणून मी ठरवलं होतं, की बायकोला तुमचेच शब्द सांगायचे, एकही इकडचा तिकडे न करता. परवा दुपारी तिच्यासमोर बसलो. आत्याचं सांगितलं, मिरच्यांचं सांगितलं, तुमच्या शिंका ऐकून ती थोडी हसलीही. मग तिनं ताटावरून मान वर केली.

"म्हणजे आपला बाळ देवापाशी आहे?"

मी म्हणालो, "आहे."

"मास्तर असंच म्हणाले होते?"

"हो. असंच."

तिनं पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा घेतला. त्यानंतर दोन्ही वेळा ती जेवली आहे, आज सकाळी केसही धुतले.

तुम्ही तसं म्हणाला नव्हतात, मास्तर. कुठला शब्द तुमचा आणि कुठला माझा, हे मला नीट माहीत आहे. तिला ते जाऊन सांगायला हवं, हेही तुमच्याकडूनच शिकलो. ती आत पोळ्या लाटते आहे, आणि मी इथंच बसून आहे.