हातमोजेवाल्या बाईची पत्रं

हिगाशी-कसाई, तोक्यो
रविवार, १८ मे २०२५

चि. वनिता हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

आधी हाताच्या सवयीने "सौ." लिहिलं होतं, मग खोडलं. डाग पडलाय, रागावू नकोस. तुझ्या मालकांना जाऊन तीन वर्षं झाली तरी हात ऐकत नाही. तेराव्यालाही मी आले नाही. कशी येणार? जगदीशकडून निरोप धाडलास, "येऊ नका म्हणावं." येऊ नका! सख्ख्या बहिणीला अहोजाहो! ते मला जास्त लागलं.

असो. पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. तू फोनवर येत नाहीस. जगदीश म्हणतो, "मावशी, आई हातानेच नाही नाही करते." म्हणून पत्र. चार दिवस झाले, रोज थोडं लिहिते. हात भरून येतो.

इकडे सर्व खुशाल. अंबरीषचं बँकेचं काम बरं चाललंय, सूनबाई चारुता पण कामाला जाते, देवयानी दहा वर्षांची झाली. मी मार्चात आले, जून संपायच्या आत मला परत जावं लागेल, सरकारचा तसा नियम आहे. मग भांडुपच्या घरी मी आणि फ्रीजचा आवाज.

इथे तरी निराळं काय आहे म्हणा. सकाळी आठाला तिघं तीन दिशांना जातात. मी बाल्कनीतून खाली बघते. एवढ्या सायकली जातात, पण एक घंटी वाजवेल तर शपथ. कचऱ्याचे वार ठरलेले, आपले उपासाचे असतात तसे. एक जळणाऱ्याचा, एक प्लॅस्टिकचा. माझी एकदा चूक झाली तर पिशवीवर चिठ्ठी चिकटवून पिशवी तिथेच! भांडण नाही, काही नाही. मला वाटलं, निदान दोन शब्द तरी बोलायचे. देवयानीला मराठी कळतं सगळं, पण उत्तर जपानीत येतं. मी विचारते, "भूक लागली का गं?" ती काहीतरी म्हणते. मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवते, लागली.

संध्याकाळी इथे खांबावरच्या भोंग्यातून गाणं वाजतं. पोरांनो, खेळ पुरे, घरी जा, असं सांगायला. रोज. ते वाजलं की मी उगीचच उठून उभी राहते. मग परत बसते.

तर मुख्य गोष्ट राहिलीच. अगं, मी राजवाडा बघून आले! खराखुरा! चेक म्हणून देश आहे, विमानाने फार लांब. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे सगळ्यांना एकदम सुट्टी पडते, तेव्हा अंबरीष म्हणाला, "आई, तू पण चल." मी म्हटलं, "मी कशाला, माझे गुडघे?" तर म्हणतो, "गुडघ्यांचं पण तिकीट काढलंय." गावाचं नाव चेस्की क्रुमलोव. मी पाठ केलंय, दिवसातून दोनदा म्हणते.

वने, काय सांगू तुला. नदीने गावाला असा वळसा घातलाय, जशी आई कामाला लागताना पदर कमरेला खोचायची. लाल कौलांची घरं एकमेकींना खेटून. आणि वर डोंगरावर किल्ला. त्याचा बुरूज इतका रंगीत, इतका नक्षीचा, की मला वाटलं रुखवतातच मांडलाय. दाराशी खंदक, त्यात पाणी नाही, अस्वलं! जिवंत. एक आपलं उताणं पडून पोट खाजवत होतं. देवयानी आणि मी अर्धा तास तिथेच. दोघी एका भाषेत हसलो, म्हणजे बघ.

आत एक सोन्याच्या मुलाम्याची बग्गी आहे, पुऱ्या आयुष्यात एकदा वापरली म्हणे. माझ्या लग्नातल्या शालूसारखी. बागेत नाटकाची जागा आहे, तिथे नाटक जागच्या जागी आणि बघणारी माणसंच गोल फिरतात, खुर्च्यांसकट! मी म्हटलं, आपल्या सासरी तरी दुसरं काय होतं.

खाली बाजारात लाकडाला गुंडाळून भाजलेली पोकळ पोळी मिळते, वर साखर. चिमणीतून धूर यावा तशी आतून वाफ येते. मी दोन खाल्ल्या. अंबरीषला सांगू नकोस, माझी साखर तपासतो तो. तू कशी सांगणार म्हणा.

आणि गंमत ऐक. तिथे चौकात एक म्हातारी जपानी बाई भेटली, टोपी घातलेली. मी आपली लगेच वाकून "कोन्निचिवा"! ती पण वाकली, परत मी, परत ती. चारुता म्हणाली, "आई, पुरे आता, पाठ धरेल." पण मला इतका आनंद झाला! परक्या मुलखात परकंच माणूस, पण माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. माहेरचं म्हणजे कोण उरलंय माझं? आई गेली, बाबा गेले, भाऊ आपल्याला नव्हताच. विचार करत बसले मग.

आता भिंतींचं सांगते. किल्ल्याच्या भिंती लांबून भक्कम घडीव दगडांच्या दिसतात. जवळ जाऊन हात लावला तर सपाट! दगड नाहीतच, साध्या गिलाव्यावर रेघा मारून, रंग देऊन दगड काढलेत. मी बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. मला आपला गोठा आठवला. तू शाळेतून यायचीस, कोळशाचा तुकडा घ्यायचीस आणि भिंतीवर अक्षरं काढायचीस. म्हणायचीस, "अक्के, गिरव." मला शाळा नव्हती, धुणंभांडी होती. तू चौथीत, मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि तू माझी मास्तरीण. चुकलं की म्हशीची शेपटी धरून तिला सांगायचीस, "बघ, हिला कळत नाही." म्हैस मान हलवायची.

तुझं अक्षर बघून मला अक्षर आलं. दुसऱ्याचं लिहिलेलं मला आजही अडखळत लागतं, छापील तर डोळ्यांपुढे नाचतं. तुझं मात्र पाण्यासारखं. हे तुला माहीत होतं. हे तुला माहीत होतं, तेच तर.

थांब जरा. चहा करून येते.

आले. मला त्या किल्ल्यातल्या बाईचं सांगायचंय. तिच्यासाठीच एवढं लिहिलं.

किल्ला दाखवणारी एक तरुण मुलगी होती, इंग्रजीत सांगायची आणि चारुता मला मराठीत सांगायची. ती म्हणाली, इथे पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईचं भूत फिरतं. पर्ख्ता तिचं नाव. हातात पांढरे मोजे घालून दिसली तर बातमी चांगली, काळे घालून दिसली तर वाईट. देवयानीने माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, भिऊ नको, बिचारी सासुरवाशीण दिसते. मी आपली गमतीने म्हटलं गं. तर निघाली सासुरवाशीणच!

साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्या घराण्याची ही लेक. दूर दिली. नवरा आडदांड, घरात सासू, नणंद. नीट खायला-ल्यायला मिळेना. ही लिहिणारी होती. माहेरी बापाला पत्र, भावांना पत्र. मला घेऊन जा, मला इथून सोडवा. एक नाही, कितीतरी पत्रं. पुष्कळ वर्षं तिची सुटका झाली नाही. आणि पत्रं? ती मुलगी मोठ्या कौतुकाने म्हणाली, ती पत्रं अजून जपून ठेवली आहेत.

जपून ठेवली आहेत!

वने, मी तिथेच बाकावर बसले. रडायला आलं. चारुता घाबरली, "आई, काय होतंय?" देवयानी पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, दाइजोबू?" म्हणजे बरी आहेस ना. मी म्हटलं, दाइजोबू, दाइजोबू, पाय दुखतात. पाय! सगळ्यांना पटलं. म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखतात हे किती सोयीचं आहे.

आता लिहिते. नाहीतर पुन्हा नदी नि अस्वल करत बसेन.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तुझं निळं आंतरदेशीय आलं. जगदीश तुझ्या कडेवर, आठ महिन्यांचा. तू लिहिलं होतंस, "अक्के, भाऊबीजेला मला न्यायला मुराळी पाठव. भाऊजींना पाठव, नाहीतर तूच ये. एकदा आले की मी परत इथे यायची नाही. मी बोचकं बांधून फाट्यावर बसते."

मी वाचलं, वने. स्टोव्ह पेटवता पेटवता उभ्याने वाचलं, सगळं, पहिल्या दमात. एक शब्द अडला नाही.

आणि ह्यांना सांगितलं, "वनीचं पत्र आलंय, खुशाल आहे." बस. आमच्या एका खोलीत सासू, दोन पोरं, तिसरं पोटात आणि नणंदेचं मार्गशीर्षात ठरत आलेलं. घरात नवऱ्याला सोडून आलेली बहीण बसली असती तर पाव्हण्यांनी पाय मागे घेतला असता. असं मला वाटलं. मी कोणाला विचारलंही नाही. माझं मीच ठरवलं. मग शेजारच्या रेखाकडून कार्ड लिहून घेतलं, "तुझे पत्र भिजून आले, अक्षर लागले नाही, खुशाली कळव." परक्याच्या हाताचं अक्षर बघून तुला खरं वाटेल, अशी माझी अक्कल.

तुझं अक्षर मला लागलं नाही म्हणे! तू ते वाचलंस तेव्हाच तुला कळलं असणार. तू त्यानंतर एक ओळ लिहिली नाहीस, एकदा भांडायलाही आली नाहीस. माझ्या पोरांच्या लग्नात आलीस, आहेर केलास, जेवलीस, "बरंय" म्हणून गेलीस. वने, तू शिव्या दिल्या असत्यास तर मी झेलल्या असत्या.

फाट्यावरचं मला जगदीशने सांगितलं, आठ वर्षांपूर्वी. त्याला वाटलं मला ठाऊक आहे. "आई सांगते मावशी, मला मांडीवर घेऊन बसली होती, दोन गाड्या गेल्या, तिसरीची वाट न बघता परत फिरली." मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. तेव्हा हे अंथरुणावरच होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगायचंस गं. मी गेलो असतो." एवढंच. महिन्याभराने गेले. मला ते वाक्य ठेवून गेले.

नणंदेचं लग्न त्या मार्गशीर्षात मोडलंच, हुंड्यावरून. हे सांगायचं नव्हतं, पण आता काय लपवू.

त्या पर्ख्ताची पुढची गोष्ट अशी सांगतात. नवरा मरायला टेकला तेव्हा त्याने तिच्याकडे माफी मागितली. ती नाही म्हणाली. तर त्याने तिलाच शाप दिला, म्हणून ती अजून फिरते. ऐकून मला असा राग आला! छळ त्याने करायचा, पत्रं घरच्यांनी जपायची आणि फिरायचं तिने? चारुताला म्हटलं, त्या मुलीला सांग, ती नाही म्हणाली ते बरोबर केलं. चारुताने सांगितलं की नाही देव जाणे. मुलगी हसली मात्र.

म्हणून मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली की नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यावर ओझं. तुझ्या डोक्यावर पुष्कळ झालं.

मीही तुझं पत्र जपलंय. तांदळाच्या डब्यात होतं, मग ट्रंकेत, आता इथे जपानात माझ्या पिशवीत आहे. घड्यांवर फाटलंय. जपलं म्हणजे फार मोठं केलं असं आजवर वाटायचं मला. आता नाही वाटत.

ऐक. जूनमध्ये मी परत जातेय. ह्या वर्षी भाऊबीज गुरुवारी आहे, चारुताच्या मोबाइलात बघून घेतली. मी आदल्या दिवशी निघेन आणि त्या दिवशी सकाळी तुमच्या फाट्यावर येऊन बसेन. आता तिथे शेड झाली आहे म्हणतात, म्हणजे मला तुझ्यापेक्षा सावली जास्त. घरी येणार नाही, तू बोलावलेलं नाहीस. दोन गाड्या जाऊ देईन. तिसरीही जाऊ देईन. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने परत फिरेन.

तुला यावंसं वाटलं तर ये. भांडायला ये. नुसती समोर येऊन उभी राहा आणि परत जा, तरी चालेल. आलीस आणि वाटलं, तर बोचकं घेऊन ये, भांडुपला दोन खोल्या रिकाम्या आहेत. पण जगदीशला पाठवू नकोस हं. त्याने आईच्या वतीने फार निरोप सांगितले.

आणि नाही आलीस तर मला वाईट वाटणार नाही, असं खोटं लिहीत नाही. वाईट वाटेल. वाटू दे.

पाकिटावरचा पत्ता देवयानीने इंग्रजीत घातलाय, आतलं सगळं माझं आहे. भोंग्यावर ते पोरांना घरी बोलावणारं गाणं लागलंय. आज उठून उभी राहिले नाही, हे पुरं करते.

त्रेचाळीस वर्षं उशिरा निघालेली तुझी मुराळी,
गोठ्याच्या भिंतीवर तुझं अक्षर गिरवलेली,
अक्का