कार्डांच्या पाठीवरच्या कल्पना

तीर्थस्वरूप सौ. ताईस, साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, मी सोडून.

त्याचं असं झालं, की मासिकाच्या संपादकांना मी चारचौघांत कथा कबूल करून बसलो. पंधरा तारखेपर्यंत द्यायची, नाहीतर माझं पान साबणाच्या जाहिरातीला जाणार. आणि डोक्यात कल्पना म्हणशील तर खडखडाट. कुणीतरी सांगितलं, सुचेल ते लगेच टिपावं, बरं-वाईट नंतर ठरवावं. आता दाताच्या दवाखान्यातल्या काउंटरवर हाताशी कागद कुठला, तर पेशंटला पुढची तारीख लिहून द्यायची कार्डं. त्यांच्या पाठीवर मी टिपू लागलो. दोन दिवसांत चाळीस कार्डं भरली (पैकी एकोणतीसवर 'एक माणूस असतो' एवढंच). तिसऱ्या दिवशी गर्दीत तो गठ्ठा कोऱ्या कार्डांत मिसळला आणि मी इमानेइतबारे तारखा घालून वाटून टाकला. एका निवृत्त मास्तरांच्या कार्डावर पुढे 'सोमवारी दहा वाजता' आणि मागे 'याला भूल देऊन संपवायचं, बायको सामील'. मास्तर दुसऱ्या दिवशी हजर, एकटेच. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून जे काही ऐकवलं, ते भूल न देता. नोकरी वाचली ती मास्तरांमुळे. "राहू द्या हो त्यांना," ते म्हणाले, "पण कल्पना जुनी आहे." नोकरी गेली असती तर एवढं लागलं नसतं.

आज आठ तारीख. ही विचारते, झाली का कथा, आणि मी पेन्सिलीला टोक काढत बसतो. सध्या घरातल्या सगळ्या पेन्सिली फार टोकदार आहेत.

तिकडच्या मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना पापा, आणि कथेची चौकशी करणाऱ्यांना मी परगावी गेलोय म्हणून सांग.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. शाळेत माझ्या ज्या निबंधांना बक्षिसं मिळाली ते तू लिहून दिले होतेस, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या जोरावर जन्मभर लेखक म्हणून मिरवलो, याची लाज वाटते. तरी एक कथा लिहून पाठव. या वेळी खाली तुझंच नाव घालीन.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात संपादकांचा फोन आला. राहवलं नाही, सगळं खरं सांगितलं आणि तुझ्या मागच्या पत्रातला शेजारणीच्या शिलाई मशीनचा मजकूर वाचून दाखवला. पोट धरून हसले. म्हणाले, ताईंना सावकाश लिहू द्या, अंक आठवडाभर थांबवतो. मी दोन दिवस मागितले होते, तेव्हा छापखाना कुणासाठी थांबत नाही असं ऐकलं होतं.