जांभळ्या मखमलीचा कोट

१० जानेवारी
बारावीच्या फॅशन-टेक्स्टाइलचं फायनल प्रोजेक्ट जाहीर. मी टोपीवाला, घोट्यापर्यंतचा मखमलीचा कोट करणार. यावरच डिझाइन कोर्सची एकुलती एक जागा ठरणार, म्हणजे ती माझीच. बाकीचा वर्ग उशांचे अभ्रे शिवण्याच्या लायकीचा. मॅडम (मनातल्या मनात मी त्यांना कात्री म्हणते) म्हणाल्या, आधी साध्या कापडाचा नमुना शिवून बघ. जळतात माझ्यावर.

२ फेब्रुवारी
नमुना शिवला नाही. नमुने घाबरटांसाठी असतात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने, म्हणजे टाचणीने (तोंडात कायम चार टाचण्या) तीन शिवले. तीन! बावळट.

९ फेब्रुवारी, सायं. ५
कोट कापला. मखमलीची लव एका बाजूला झुकलेली असते, सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, असा कात्रीचा तासभर कंठशोष. पण तसं केलं की टोपीला कापड पुरेना. मी डाव्या बाजूचे तुकडे उलटे फिरवले. पुरलं. एवढं डोकं वर्गात कुणाला नाही.

३ मार्च
बटणांची सहा काजं राहिलीत. हातानेच करायची म्हणे. मग मशीनचा शोध कशाला लावला? मावशीला दिली. ती लोकांच्या पँट आखूड करते, चेन बदलते; डिझाइनमधलं तिला ओ की ठो कळत नाही. कोट उजेडात धरून विचारते, डावी बाजू दुसऱ्या कापडाची आहे का. चष्मा बदल म्हटलं.
फाइलमध्ये लिहिलं : काजं स्वतः केली. माझ्या देखरेखीखाली झाली, म्हणजे माझीच.

२२ मार्च
कोट हॉलमधल्या पुतळ्यावर चढवला. उजवी बाजू जांभळी, डावी चक्क राखाडी. घरच्या ट्यूबलाइटमध्ये असं नव्हतं. खिडकीचा दोष. पुतळा हलवला. पुतळ्याचा दोष. शेवटी कोटाला नाव दिलं, 'दोन मनं'. टाचणी मदत करू का म्हणाली. तिला चांगलीच झापली.

२८ मार्च
बाहेरच्या परीक्षक आल्या. त्यांना 'दोन मनं' सहा मिनिटं समजावलं. त्यांनी कोटावरून एकदा खाली, एकदा वर हात फिरवला. कात्री छताकडे बघत होती. मग परीक्षक काजांपाशी थांबल्या.
"ही फार सुरेख झालीत. हात असा असेल, तर बाकीचं शिकता येतं." आणि सुई-दोरा पुढे केला. "एक माझ्यासमोर कर."
वीस मिनिटं झाली. दोऱ्याचा गुंता, बोटातून रक्त. कापड त्यांनीच हळूच काढून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
प्रोजेक्टमध्ये नापास. जागा टाचणीला. परीक्षक पक्षपाती, कात्री सामील, मखमल भिकार. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१५ एप्रिल
पुढच्या वर्षी पुन्हा तेच प्रोजेक्ट. मावशीकडे गेले. म्हटलं, काज शिकव, उरलेली मखमल आणलीय. तिने ती घडी घालून फळीवर ठेवली आणि साध्या कापडाचा तुकडा माझ्यापुढे टाकला.
"आधी नमुना कर."
हीसुद्धा सामील.
संध्याकाळपर्यंत तीन केले.