ओसरीवरचा पाचवा दिवस

ती. सत्यभामाताईस,

मूर्तिजापूरहून धाकट्या डोमाजीचा ओसरीवरूनच साष्टांग नमस्कार. अकोल्याच्या त्या वैद्यानं बांधून दिल्यापासून तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व खुशाल. म्हणजे कौशल्या आणि प्रणाली घरात खुशाल आहेत, मी बाहेर आहे.

झालं असं, की करणी उतरवायला माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं सहा महिन्यांत आटली. मला वाटलं, शेजारच्या नत्थुजीनंच काहीतरी केलं असणार (त्याचं हसणंच तसं आहे). म्हणून सोमवारी घराला तू शिकवलेला उलटबांध घातला. घरातल्या कोणाबद्दलही ज्याच्या मनात वाकडं असेल, त्याला उंबरठा ओलांडता येऊ नये. बांधण्याआधी बांधणाऱ्यानं स्वतःच्या मनातलं मोठ्यानं बोलून टाकायचं, हे तू बजावलं होतंस. पण तीस वर्षं हेच काम करणाऱ्याला ते कशाला, म्हणून मी गाळलं. बांध कसा बसला ते पाहायला अंगणात उतरलो, आणि परत आत जाता येईना. पाय उंबरठ्याशी येऊन अडतो, हट्टी बैलासारखा. नत्थुजी मात्र दुसऱ्या दिवशी सरळ आत गेला, चहा पिऊन आला आणि मलाच म्हणाला, "डोमाजी, तू काहून बाहेर बसून राहिला?" बांधाची लिंबं शिळी होती, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. कौशल्या खिडकीतून ताट देते. पुढच्या गुरुवारी प्रणालीचं साक्षगंध आहे, आणि मुलीचा बाप पाहुण्यांना आत पाठवून स्वतः चपला राखत बसणार. लिंबं शिळी निघाली तर काय करतात, एवढंच कळव.

तुझा,
डोमाजी

ता. क. लिंबं ताजी होती. ताई, लिहायलाही लाज वाटते. गिऱ्हाइकं प्रणालीकडे जातात. मंत्रखात्याचा परवाना तिला पहिल्याच परीक्षेत मिळाला, मला चौथ्या. पोटच्या पोरीवर मी जळतो. तू ये आणि माझ्या वतीनं हे तिला सांग, माझ्या तोंडून निघत नाही.

आणखी एक ता. क. पाकीट घरात होतं. ते मागितलं, तर प्रणालीनं हातातलं पत्रच घेतलं आणि उभ्यानं वाचलं. म्हणाली, "बाबा, मले सोमवारीच समजलं होतं. तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती." मी रडलो, सगळं तोंडानं बोललो, आणि तिनं हात धरून मला आत घेतलं. मग साक्षगंधासाठी तिनं जुना सोडून नवा बांध घातला, एका फुंकरीत. मला अर्धा तास लागतो. ते पाहून पाण्याची बादली आणायला म्हणून बाहेर आलो, तो बाहेरच आहे. मिळेल त्या गाडीनं निघ.